समोरच्या बेने इस्रायली काकूंकडे मलिद्याचं आमंत्रण आहे. काय न्यावं, कसं वागावं?

कृष्णाकाठ

मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

आम्ही मूळचे कराडचे, आता ठाण्यात रुळलोय. समोरच्या दारात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू कुटुंब आहे. काका रेल्वेतून निवृत्त झालेत, काकू अजून दहावीच्या शिकवण्या घेतात. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मी बोलता बोलता "आलुया" म्हटलं की काकू गालातल्या गालात हसतात. दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट जातं, त्यांच्या नव्या वर्षाला तिकडून चिकाचा हलवा येतो. एवढी ये-जा आहे, पण त्यांच्या धार्मिक कार्याला मी कधी गेलेली नाही.

आता त्यांच्या धाकटीचं लग्न आहे. लग्न रविवारी देवळात (सिनेगॉगला काकू देऊळच म्हणतात) आणि शनिवारी घरी मलिदा, त्यानंतर मेंदी. "सगळे या, आजींनाही आणा," म्हणाल्या. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. माळकरी आहेत. मटणाचा वास आला तरी पदर नाकाला जातो. त्यांनी मलिदा खाल्ला तर चालेल का? त्यात नक्की काय असतं?

मी साताऱ्याहून कंदी पेढे मागवून ठेवलेत, किलोभर. मुलीची ओटी भरावी असंही मनात आहे. ह्यांनी डोक्यावर काही घ्यायचं का? आणि शनिवारी "साडेसातच्या आत येऊ नका" असं हसत हसत पण ठामपणे सांगितलंय, ते का?

शेवटचं म्हणजे निव्वळ कुतूहल. त्यांच्या हॉलमध्ये अग्नीच्या रथातून वर जाणाऱ्या एका दाढीवाल्या बाबांचं मोठं चित्र आहे. ज्यू लोकांत देवाचं चित्र लावत नाहीत ना? काकूंना विचारायला संकोच वाटतो.

---

अभ्यासू_आप्पा

मलिदा म्हणजे त्यांचा सत्यनारायणच समजा. नवस बोलायचा, पुरा झाला की तबक मांडायचं, प्रसाद वाटायचा. हे लोक दोन हजार वर्षं कोकणात राहिले, मूळ धर्म विसरले, आजूबाजूच्या हिंदूंचं बघून चालीरीती उचलल्या. मंगळसूत्र आहे, हिरवा चुडा आहे, मेंदी आहे. ज्यू फक्त नावाला. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलंय. तुम्ही सत्यनारायणाला जाताना जे नेता ते न्या, काही बिघडत नाही.

---

चिकाचा_हलवा

कृष्णाकाठ, आधी ते पेढे बाजूला ठेवा. मग बाकीचं बोलू.

मी बेने इस्रायली. माहेर पेणचं, सासर रोह्याचं, सगळा जन्म ठाण्यात गेला. पालिकेच्या शाळेत शिकवायचे. तेव्हा फळा मिळाला की मी लांबते, ते सोसा.

पेढे नकोत, कारण त्या रात्री जेवणात मटण किंवा कोंबडी असणार आणि आम्ही मांस आणि दूध एका जेवणात घेत नाही. हा नियम तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला आहे. म्हणून आमच्या रश्श्यात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं. कोकणात राहून हा नियम पाळणं आम्हाला जड गेलं नाही याचं सगळं श्रेय माडाला. तुम्ही खाता तो चिकाचा हलवाही गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून केलेला असतो, म्हणून मटणाच्या जेवणानंतरही चालतो. कंदी पेढे पुढच्या आठवड्यात एखाद्या सकाळी द्या, चहाबरोबर फस्त होतील. शनिवारी फळं न्या. मलिद्याच्या तबकात फळं लागतातच, कमी कधीच पडत नाहीत पण जास्तही होत नाहीत. खजूर, सफरचंद, केळी, चिकू, जे मिळेल ते.

साडेसातचं कारण शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत काम बंद. चूल नाही, किसणं नाही, कातरणं नाही. कोकणात तेलाचा घाणा चालवायचो तेव्हाही शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी आम्हाला शनवार तेली म्हणायचे. सगळी घरं आज सारखी कडक पाळत नाहीत, पण तुमच्या काकू पाळतात असं दिसतंय. म्हणजे त्या घरात शनिवारी अंधार पडल्यावर एकदम धांदल उडणार. पोहे भिजवायचे, नारळ खवायचे, फळं चिरायची, आणि पाहुणे दारात. खरी मदत करायची असेल तर अंधार पडताच जा आणि विळी हातात घ्या. तुमच्या ओटीपेक्षा काकू ते जास्त लक्षात ठेवतील.

ओटीबद्दल बोलायचं तर खण-नारळ आनंदाने द्या. कुंकू मात्र लावायला जाऊ नका. माझ्या घरात तरी कुंकू कधी नव्हतं. हिरवा चुडा आहे, मंगळसूत्र आहे, कुंकू नाही. आमच्या पूर्वजांनी काय घेतलं नि काय दारातच थांबवलं याचा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही, पण हिशेब होता.

आता सासूबाई. मलिदा पूर्ण शाकाहारी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप, वेलची. त्यांना निर्धास्त वाढा. त्यानंतरच्या जेवणाला मात्र काकूंना आधी सांगून ठेवा, वालाचं बिरडं करतील. आमच्याकडे बिरडं काही साधंसुधं नाही. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवशीचा उपास आम्ही बिरड्यावर सोडतो. त्या उपासाचं नावच बिरड्याचा रोजा.

ते दाढीवाले बाबा म्हणजे एलियाहू हन्नबी, संदेष्टा एलिया. देव नाहीत. बायबलात ते मेले नाहीत, अग्निरथातून वर गेले, म्हणून तसं चित्र. पूजा करत नाही. काही घरांत चित्राला हार दिसतो. माझ्या सासऱ्यांना ते अजिबात खपायचं नाही, सासूबाई मात्र त्यांची पाठ वळली की मोगऱ्याचा गजरा अडकवायच्या. आमच्या घरात याहून मोठा धर्मवाद झालेला मला आठवत नाही.

आप्पा, तुमच्याकडे येते. जगभरचे ज्यू एलियाहूची वाट बघतात. पेसाख सणाच्या रात्री त्यांच्यासाठी एक पेला भरून ठेवतात. मुलाची सुंता असली की एक खुर्ची त्यांच्या नावाने मांडतात. पोह्यांचं तबक मात्र फक्त आमचं. ते सत्यनारायण नाही. त्यात मूर्ती नाही, आरती नाही, पोथी नाही. हजान, म्हणजे देवळात प्रार्थना म्हणवणारा, किंवा प्रार्थना येणारा घरातलाच एखादा पुरुष हिब्रूत प्रार्थना म्हणतो. आधी शमा, म्हणजे "ऐक इस्रायला, परमेश्वर एकच आहे". दंतकथा अशी, की नवगावच्या किनाऱ्याजवळ आमचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, ग्रंथ सगळे बुडाले आणि तोंडात उरली ती शमा. गलबत कोणत्या शतकातलं यावर विद्वानांचं एकमत नाही. पण पुढे दावीद राहाबी नावाचे ज्यू कोकणात आले, त्यांनी परीक्षा म्हणून आमच्या बायकांसमोर मिसळलेली मासळी टाकली, आणि बायकांनी खवले-पर असलेले, म्हणजे आमच्या धर्मात चालणारे मासे तेवढे वेगळे काढले, ही गोष्ट माझ्या आजीने मासे साफ करता करताच सांगितली होती. धर्म विसरलेल्या बायका, आप्पा!

तबकाकडे परत. मध्ये पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वर गुलाब किंवा सबजाची काडी. मग एकेका गोष्टीवर वेगळी बराखा, म्हणजे आशीर्वचन. झाडाच्या फळाला एक: खजूर, सफरचंद. जमिनीतून येणाऱ्याला दुसरी, आणि इथे केळं येतं, कारण केळीचं झाड वर्षानुवर्षं टिकत नाही, कापलं की संपलं. पोह्यांना तिसरी, धान्याची. गुलाबाला चौथी, सुवासाची. प्रत्येक वेळी सगळे "आमेन" म्हणतात, तुम्हीही म्हणा. आता सांगा, केळं झाडाचं की जमिनीचं हा काथ्याकूट कोणत्या सत्यनारायणात होतो? तो शुद्ध रब्बींच्या परंपरेतला आहे. आणि तबकात पोहे आले कारण रायगडात भात पिकतो. नवस शेजारच्या हिंदूंकडून आला असेल. एलियाहूच्या दिवसाला जुनी माणसं उरूस म्हणायची, तो शब्द शेजारच्या मुसलमानांकडून. मलिदा तर दर्ग्यातही वाटतात. सुट्टं करून बघितलं तर प्रत्येक गोष्टीला दुसरा मालक सापडेल, पण आख्खं तबक दुसऱ्या कुणाकडे सापडत नाही.

आणि शेजाऱ्यांकडून सगळं चांगलंच घेतलं असंही मी म्हणणार नाही. आमच्यात काळा इस्रायल आणि गोरा इस्रायल असा भेद होता. कुणाच्या पूर्वजाने बाहेरच्या बाईशी संसार केला म्हणून त्याची पिढ्यान्‌पिढ्या वेगळी पंगत. माझ्या आईच्या पिढीपर्यंत लग्न जमवताना हे कुजबुजून विचारत. जात ही वस्तू आम्ही बरोबर आणली नव्हती, ती इथेच मिळाली, आणि आम्ही ती आवडीने वापरली.

ह्यांच्या डोक्यावर टोपी किंवा रुमाल हवाच, तुमच्याही पदर असू द्या. दाराच्या चौकटीला उजवीकडे छोटी पेटी दिसेल, ती मेझूझा. घरातले तिला हात लावून बोटं ओठांना टेकवतात. तुम्ही नाही लावलात तरी चालतं. प्रार्थना झाल्यावर वडीलधारे दोन्ही हात पुढे करतील, ती हातबोशी. त्यांच्या हातांना आपले हात लावायचे आणि मग स्वतःची बोटं ओठांना टेकवायची. नमस्कार करायला खाली वाकलात तर आशीर्वाद देतील, पण थोडे गोंधळतील.

लग्नाला देवळात जाणार असाल तर नवरी आत येताना कान द्या. नवरा स्वतः उभा राहून तिच्यासाठी हिब्रूत गातो, "योनाती झिव". हल्लीच्या मुलांना आवाज असतोच असं नाही, पण गावं लागतं. ठाण्याचं आमचं देऊळ 1879 चं आहे, टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला. पुष्कळ ठाणेकर रोज त्याच्यावरून जातात आणि त्यांना पत्ता नसतो.

---

पांढरा_कांदा

अलिबागचा आहे म्हणून चार ओळी. आमच्याकडे इस्रायल आळी अजून त्याच नावाने आहे, देऊळही आहे, माणसं मात्र हाताच्या बोटांवर. आडनावांचं म्हणाल तर नकाशा उघडून बसा: किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेझारीचे पेझारकर, झिराडचे झिराडकर. ज्या गावात आज एकही इस्रायली घर नाही ते गाव कुणाच्या तरी आडनावात इस्रायलमध्ये नांदतंय.

वर ज्या एलियाहूंचा विषय निघालाय त्यांची जागा आमच्या तालुक्यात आहे. खंडाळे-सागावजवळ (लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, लोक हमखास तिकडे जातात) एका कातळावर खुणा आहेत. रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण, इथूनच ते वर गेले, असं मानतात. "एलियाहू हन्नबीचा टापा" म्हणून कुणीही रस्ता दाखवेल. इस्रायलहून बसगाड्या भरून माणसं येतात, कातळाजवळ मलिदा मांडतात. रिक्षावाल्यांना "शालोम" म्हणता येतं. नवगावला गलबत फुटलेल्यांचं स्मारक आणि जुनं कबरस्तान आहे, तेही बघून जातात.

आप्पांना एक विचारतो. कातळावर पावलाची खूण आणि तिथे नवस, ही कल्पना फक्त हिंदूंची का? श्रीलंकेत एका डोंगरमाथ्यावर तशीच खूण आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाची, हिंदू म्हणतात शिवाची, मुसलमान म्हणतात आदमची, आणि सगळे एकाच पायऱ्यांनी चढतात.

---

अभ्यासू_आप्पा

केळ्याचं माहीत नव्हतं. पण मंगळसूत्र हिब्रू आहे असं तर ताई तुम्हीही म्हणणार नाही. एवढंच माझं म्हणणं होतं.

---

डिमोनाची_सून

मी मुळात गिरगावची, बेने इस्रायली नाही, पण यांच्यात लग्न करून बरीच वर्षं इस्रायलच्या दक्षिणेला आहे. आप्पांच्या मेंदीवर बोलायचंय.

मेंदी हिंदूंकडून आली असेल, पण इथे येऊन बघा. लग्नाआधीची मेंदी येमेनी ज्यूंकडे आहे, मोरोक्कोच्या ज्यूंकडे आहे. येमेनी नवरीच्या डोक्यावर फुलं आणि दागिने लादलेला एवढा उंच मुकुट असतो की बिचारीला मान वळवता येत नाही. आमच्या शेजारी मोरोक्कन कुटुंब आहे. नणंदेच्या मेंदीला त्यांची आजी आली आणि दहा मिनिटांत आमच्या आत्याबाईंना मेंदी कशी भिजवायची ते शिकवायला लागली. आत्याबाईंना हिब्रू येतं बेताचं, आजीला मराठी शून्य. भांडण झालं नाही, पण मेंदीचे दोन वेगळे वाडगे झाले.

"नावाला ज्यू" हे शब्द मात्र इथे सासऱ्यांसमोर काढू नका. 1960 च्या सुरुवातीला इथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं होतं, की बेने इस्रायलांचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं असेल तर आधी त्यांच्या वंशाची चौकशी करा. माझे सासरे तेव्हा तरुण होते. मुंबईत कुणी त्यांना ज्यू म्हणून कमी लेखलं नव्हतं, आणि ज्यूंच्या देशात येऊन कागद मागितला गेला. त्यांनी आंदोलन केलं, यरुशलेमला जाऊन ठाण मांडून बसले. 1964 मध्ये इथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, मग रब्बींनी माघार घेतली. सासऱ्यांचा त्यानंतरही रब्बींवर राग आहे. देवळात जातात, पण रब्बी दिसला की मराठीत बोलायला लागतात.

आता इथे गंमत अशी की मलिद्याला रशियन सुना असतात, इथिओपियाचे जावई असतात. इथिओपियावाल्यांचा स्वतःचा सिग्द नावाचा सण आहे, डोंगरावर उपाशी जाऊन प्रार्थना करण्याचा. 2008 पासून तो सरकारी सण आहे. मलिद्याला तशी सुटी कुणी दिलेली नाही, पण अश्दोद, रामला, डिमोना इथल्या भारतीय दुकानांत पोह्यांचा तुटवडा पडला की समजावं, लग्नसराई सुरू झाली.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पेढे फ्रिजमध्ये गेले. सासूबाईंना एलियाहूंची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, "आमचे तुकोबाही सदेह वैकुंठाला गेले, त्यात काय एवढं?" आता त्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसणार.

हलवाताई, मी विळी घेऊन जाणारच आहे. प्रमाण सांगा ना, म्हणजे तिथे विचारत बसायला नको. आणि प्रार्थनेला वाईन असते का? ह्यांना चालेल, सासूबाईंपुढे पंचाईत.

---

चिकाचा_हलवा

वाईन बहुतेक नसेल. कोकणात द्राक्षाची दारू कुठून आणणार? म्हणून काळे मनुके रात्रभर पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्याचा शरबत करायची आमची जुनी पद्धत. किद्दुशची, म्हणजे शब्बाथ-सणाला वाईनवर म्हणायची बराखा त्यावरच म्हणतो. तुमच्या काकूही तोच करत असतील. सासूबाईंना बिनधास्त द्या, पोटालाही चांगला.

प्रमाण पन्नास माणसांचं देते. जाडे पोहे दोन किलो. पातळ अजिबात नकोत, लगदा होतो. डिमोनावाल्या बाई काय वापरतात देव जाणे, पण इस्रायलहून आलेल्या माझ्या भाचीने एकदा पातळ पोह्यांचा मलिदा केला होता आणि तो चमच्याने खावा लागला. पोहे चाळून, धुऊन, रोळीत निथळत ठेवा. मऊ झाले पाहिजेत, ओले राहता कामा नयेत. नारळ सहा-सात. खवताना पाठीचा काळा भाग येऊ देऊ नका, पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे. साखर पाऊण किलोपासून सुरू करा आणि चाखून वाढवा. चाखायचं बराखेच्या आधीच असतं, पण चाखणारा घरचा नको म्हणून ते काम तुम्हाला देतील. वेलची, थोडं जायफळ, बेदाणे, काप. साखर अगदी शेवटी घाला. आधी घातली तर पाणी सुटतं आणि तबकात तळं होतं.

गूळ घालणारी घरंही आहेत. आमच्या रोह्याकडे घालत नाहीत.